2.4 मीटर की 3.6? स्टॉर्म सर्जच्या आकड्यावर किती विसंबायचं

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. समुद्रालगतच्या सखल जमिनीवर पंपघर बांधायचं आहे आणि त्याच्या जोत्याची उंची ठरवायची आहे. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या चक्रीवादळासाठी दोन सल्लागारांनी सर्जचा, म्हणजे वादळाने समुद्राचं पाणी किती चढेल याचा, अभ्यास करून दिला. एकाचा आकडा 2.4 मीटर, दुसऱ्याचा 3.6 मीटर. संगणकी मॉडेल जुन्या वादळावर तपासून घेतलंय असं दोघंही लिहितात आणि दुसऱ्याची ग्रिड, म्हणजे हिशेबासाठी आखलेल्या चौकटींची जाळी, बरीच बारीक आहे. तुम्ही विचारता: खरा आकडा कोणता, आणि त्यावर अधिक-उणे किती धरायचं?

मी बरीच वर्षं किनारी पुराची मॉडेलं चालवतो. कधी वादळ समुद्रात असताना तासातासाला, कधी तुमच्यासारख्या बांधकामांसाठी निवांतपणे. त्या अनुभवावरून माझा अंदाज असा की तुमच्या दोन आकड्यांमधला 1.2 मीटरचा फरक पाण्याची समीकरणं सोडवण्यात पडलेला नसणार. तो पडला असेल मॉडेलला दिलेल्या वाऱ्यात, समुद्रतळ आणि जमिनीच्या उंचीत, आणि ‘100 वर्षांतून एकदा’ हे ठरवण्याच्या पद्धतीत. दोन मॉडेलांमध्ये निवड करण्याआधी यातली कोणती गोष्ट तुमच्या जोत्याला भोवणार आहे ते शोधायला हवं. त्यासाठी थोडं मुळात जावं लागेल.

वादळात पाणी चढतं ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं म्हणजे हवेचा दाब. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र जवळपास 1 सेंटिमीटर वर येतो. केंद्रातला दाब 1010 वरून 950 वर आला तर 60 सेंटिमीटर. हा भाग फारसा दगा देत नाही. दुसरं कारण वारा, आणि खरी गोम तिथेच आहे. पाण्यावर पडणारा वाऱ्याचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो ताण पाण्याला किती चढवणार हे खोलीच्या उलट प्रमाणात ठरतं. एक गणित करून पाहा. वारा सेकंदाला 40 मीटर, म्हणजे ताशी 144 किलोमीटर. ड्रॅग गुणांक, म्हणजे वारा पाण्याला किती पकडून ओढतो ते सांगणारा आकडा, 0.0025 धरला तर ताण येतो दर चौरस मीटरला सुमारे 4.8 न्यूटन. 20 मीटर खोल आणि 100 किलोमीटर रुंद अशा उथळ पट्ट्यावर हा वारा थेट किनाऱ्याकडे वाहत राहिला आणि पाण्याला स्थिरावायला वेळ मिळाला, तर किनाऱ्याशी पाणी साधारण 2.4 मीटर चढेल. हाच पट्टा 100 मीटर खोल असता तर जेमतेम अर्धा मीटर. बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक इतकं जीवघेणं का ठरतं ते यात दिसतं. नोव्हेंबर 1970 मधल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक पाण्याने गेली.

आता त्याच गणितात फक्त ड्रॅग बदला. 0.0020 धरलात तर उत्तर 1.9 मीटर, 0.0035 धरलात तर 3.3 मीटर. वारा तोच, तळ तोच, समीकरणही तेच. आणि या दोन्ही मर्यादा प्रत्यक्ष कामात वापरल्या जातात. जुनी सूत्रं मध्यम वाऱ्यातल्या मोजमापांवरून बसवलेली होती आणि तीच सरळ रेषेत पुढे ओढून चक्रीवादळाला लावली जायची. 2003 मध्ये वादळांत विमानातून सोडलेल्या ड्रॉपसोंड यंत्रांची मोजमापं प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की वारा सेकंदाला साधारण 33 मीटरच्या पुढे गेला की ड्रॅग वाढायचा थांबतो. फेस आणि तुषारांनी पाण्याचा पृष्ठभागच बदलून जातो. नेमका कुठे थांबतो, नंतर उतरतो का, उथळ पाण्यात वेगळा वागतो का, यावर अजून एकमत नाही. त्यामुळे प्रत्येक मॉडेलर कुठे तरी मर्यादा घालतो, आणि ती कुठे घातली हे अहवालाच्या परिशिष्टात एका ओळीत असतं. तुमच्या दोन्ही अहवालांतली ती ओळ आधी शोधा.

वाऱ्याबद्दलची आणखी एक गोष्ट फार सहज निसटते. वाऱ्याचा ‘कमाल वेग’ किती काळाच्या सरासरीचा आहे? अमेरिकी संस्था 1 मिनिटाची सरासरी देतात, जागतिक हवामान संघटनेचा प्रघात 10 मिनिटांचा, भारतीय हवामान विभाग 3 मिनिटांची सरासरी वापरतो. 10 मिनिटांचा वेग 1 मिनिटाच्या 0.88 ते 0.93 पट धरायची रीत आहे. एखाद्याने 1 मिनिटाचा वेग 10 मिनिटांचा समजून मॉडेलला दिला तर वेग 8 ते 14 टक्क्यांनी फुगतो आणि वर्गामुळे ताण 16 ते 29 टक्क्यांनी. यात कोणाचं मॉडेल वाईट नसतं. एका आकड्यामागचा संदर्भ हरवलेला असतो, इतकंच. पण जोतं मात्र अर्ध्या मीटरने इकडचं तिकडे होतं.

वाऱ्याचं संपूर्ण चित्रही बहुतेक वेळा मोजलेलं नसतं, रचलेलं असतं. केंद्रातला दाब, कमाल वाऱ्याची त्रिज्या (केंद्रापासून किती अंतरावर वारा सगळ्यात जोरात आहे ते) आणि आकाराचा एक गुणांक एवढ्यावरून 1980 च्या हॉलंड सूत्रासारख्या एखाद्या सूत्राने वादळाचं वर्तुळ आखलं जातं. यातली त्रिज्या सगळ्यात संशयास्पद. अटलांटिकमध्ये विमानं वादळात शिरून ती मोजतात. जगातल्या बाकीच्या बहुतेक समुद्रांत नियमित विमानं जात नाहीत, तिथे उपग्रहाच्या चित्रावरून अंदाज बांधावा लागतो. 20 किलोमीटर की 40, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि सर्जला तर आकाराचाच सगळ्यात जास्त फरक पडतो. अमेरिकेतलं 1969 चं कमील वादळ किनाऱ्याला धडकलं ते श्रेणी 5 चं (वाऱ्याच्या वेगावरून ठरणारी सगळ्यात वरची श्रेणी) पण लहान आकाराचं होतं. 2005 चं कॅटरिना जवळपास त्याच किनाऱ्यावर आलं ते श्रेणी 3 चं होऊन, पण अवाढव्य. कमीलचं पाणी सुमारे 7 मीटर होतं, कॅटरिनाचं मिसिसिपीतल्या पास ख्रिश्चनला सुमारे 8.5. तीव्रता तीच ठेवून वादळाचा आकार रास्त मर्यादेत बदलला तर सर्ज 30 टक्क्यांपर्यंत बदलतो असं 2008 च्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. म्हणून ‘अमुक श्रेणीचं वादळ, म्हणून अमुक मीटर पाणी’ असं वाक्य एखाद्या अहवालात दिसलं की मी तिथेच थांबतो आणि त्रिज्या काय धरली ते विचारतो.

मार्गाचं तर विचारूच नका. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड केलं तर उजव्या हाताला वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो आणि डाव्या हाताला किनाऱ्यापासून दूर ओढतो. सर्जचं शिखर केंद्रावर नसतं, केंद्राच्या उजवीकडे साधारण कमाल वाऱ्याच्या त्रिज्येइतक्या अंतरावर असतं. सप्टेंबर 2022 मध्ये फ्लोरिडात इयान वादळ आलं तेव्हा आदल्या दिवसांतले अंदाज टँपा बे या उपसागराच्या बाजूला झुकलेले होते. वादळ दक्षिणेकडे सरकून धडकलं. टँपा बेमधलं पाणी उलट मागे हटलं, तळ उघडा पडला, आणि दक्षिणेला फोर्ट मायर्स बीचवर जमिनीवर 3 ते 4.5 मीटर पाणी उभं राहिलं. एकच वादळ, एकच राज्य, आणि दोन ठिकाणांमध्ये रस्त्याने काही तासांचं अंतर. 24 तास आधीच्या मार्गाच्या अंदाजात पन्नास-साठ किलोमीटरची चूक आजही सामान्य मानली जाते. तेवढ्यात एखाद्या गावाचा आकडा तीन मीटरवरून शून्यावर येऊ शकतो.

यातूनच एक सापळा तयार होतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अनिश्चितता आहे म्हणून लोक पन्नास वेगवेगळ्या मार्गांचे रन करतात, म्हणजे मॉडेल पन्नास वेळा चालवतात, आणि सगळ्यांची सरासरी काढतात. हे दिसायला शास्त्रशुद्ध आहे, पण सर्जच्या बाबतीत दिशाभूल करणारं आहे. प्रत्येक रनमध्ये शिखर वेगळ्या जागी येतं. सरासरीत सगळी शिखरं एकमेकांत पसरून बुटकी होतात आणि जो नकाशा तयार होतो तसं पाणी त्या पन्नासांपैकी एकाही वादळात आलेलं नसतं. योग्य प्रश्न असा: माझ्या बिंदूवर 10 टक्के रनमध्ये कोणती पातळी ओलांडली गेली? अमेरिकेचं हरिकेन केंद्र आपल्या संभाव्य पुराच्या नकाशात हेच करतं. जुन्या अंदाजांच्या चुकांवरून शेकडो पर्यायी वादळं तयार करायची आणि ओलांडण्याची शक्यता 10 टक्के उरेल ती पातळी लोकांसमोर ठेवायची. ‘अधिक-उणे’ हा शब्द मला इथे म्हणूनच खटकतो. त्याने चूक दोन्ही बाजूंना सारखी असल्याचा भास होतो. सर्जचं तसं नसतं. बहुतेक रनमध्ये पाणी कमी, आणि थोड्या रनमध्ये फार जास्त. शेपूट वरच्या बाजूला लांब असते.

भरतीकडे वळतो, कारण तुमच्या 1.2 मीटरचं कोडं तिथेच सुटण्याची बरीच शक्यता आहे. अहवालांत तीन वेगवेगळ्या राशी ‘सर्ज’ या एकाच नावाखाली फिरत असतात. एक, नेहमीच्या भरतीच्या वर वाऱ्याने आणि दाबाने चढलेलं पाणी. दोन, भरती धरून एकूण पाणीपातळी. तीन, जमिनीवर उभ्या राहिलेल्या पाण्याची खोली. तुमच्या एका सल्लागाराने पहिली आणि दुसऱ्याने दुसरी दिली असेल तर भांडण मिटलंच. त्यात भर म्हणजे पातळीचा शून्य कुठला. नौकानयनाच्या नकाशांवरची खोली सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजलेली असते, जमिनीचा सर्व्हे सरासरी समुद्रपातळीपासून. भरती-ओहोटीत 4 मीटरचा फरक असलेल्या किनाऱ्यावर या दोन शून्यांमध्ये जवळपास 2 मीटरचं अंतर असतं. समुद्रतळ एका शून्यावरून आणि जमीन दुसऱ्यावरून घेऊन दोन्ही एकाच ग्रिडमध्ये चिकटवलं की किनाऱ्याच्या रेषेवर एक खोटी पायरी तयार होते. मॉडेल ती पायरी निमूटपणे मान्य करतं आणि सुंदर रंगीत नकाशा काढून देतं. माझ्याकडे तपासायला आलेल्या कामात मी पहिली गोष्ट हीच बघतो: किनाऱ्याला काटकोनात एक उभा छेद काढायचा, समुद्रातून जमिनीपर्यंत, आणि डोळ्यांनी पाहायचं. पायरी असेल तर त्या छेदात ती ओरडून सांगते. तुम्हीही दोघांकडून तो छेद मागा, तुमच्या जागेतून जाणारा.

भरतीच्या वेळेचंही तसंच. भरती-ओहोटीतला फरक 4 मीटर असेल तर वादळ तीन तास उशिरा आल्याने एकूण पातळी 2 मीटरने बदलू शकते, कारण भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात. दोन दिवस आधीच्या अंदाजात तीन तासांची चूक ही काही मोठी चूक नव्हे. 26 मे 2021 ला यास चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं त्या दिवशी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण होतं, म्हणजे ऐन उधाण. सुंदरबनात बांध ओलांडून पाणी आत शिरलं त्यात वाऱ्याबरोबर त्या उधाणाचाही वाटा होता. तेच वादळ भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीत आलं असतं तर चित्र निराळं दिसलं असतं. शिवाय सर्ज आणि भरती सुटे काढून नुसती बेरीजही करता येत नाही. ओहोटीला पाणी उथळ असतं म्हणून तोच वारा जास्त चढ देतो; भरतीला खोली वाढते आणि चढ थोडा कमी होतो. उथळ किनाऱ्यावर दोन्ही एकाच रनमध्ये सोडवावे लागतात. पहिल्या सल्लागाराने तसं केलंय का, की शेवटी भरतीचा आकडा वरून जोडलाय?

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: दाब बिनधोक, ड्रॅग वादग्रस्त, त्रिज्या अंदाजाने धरलेली, मार्ग आणि वेळ अंदाजाच्या कालावधीवर अवलंबून, आणि शून्य कुठला ही बाब निव्वळ काळजीपूर्वक कामाची.

बारीक ग्रिडचं काय, हे तुम्ही मुद्दाम विचारलंय. बारीक ग्रिड उपयोगाची आहे, विशेषतः खाडीच्या मुखाशी. 500 मीटरच्या चौकटीत 150 मीटर रुंदीची खाडी मावत नाही, मॉडेलच्या दृष्टीने ती बंदच होते आणि आतल्या गावांना पाणी पोचतच नाही. रस्त्यांचे भराव आणि बांधही तसेच, एका चौकटीच्या सरासरीत वितळून जातात. पण ग्रिड बारीक केल्याने माहिती वाढत नाही. खाली जर उपग्रहाची ढोबळ उंची असेल तर 20 मीटरच्या चौकटीतही तीच ढोबळ उंची बसते. अंतराळयानातल्या (स्पेस शटल) रडारने मोजलेली, जगभर वापरली जाणारी उंची झाडांच्या शेंड्यांना आणि घरांच्या छपरांनाही जमीन समजते. सखल किनाऱ्यावर ती काही ठिकाणी 2 मीटरहून जास्त फुगलेली निघते. 2019 मध्ये ही चूक दुरुस्त करून जगभराचा हिशेब मांडला गेला तेव्हा पुराच्या छायेतल्या लोकांचा आकडा आधीपेक्षा साधारण तिपटीने वाढला. दुसऱ्या सल्लागाराने लायडारने, म्हणजे लेझर किरणांनी, मोजलेली जमीन वापरली असेल तर त्याच्या बारीक ग्रिडला मी वजन देईन. नसेल तर नाही. पंपघराच्या जागेभोवती काही शे मीटर तरी प्रत्यक्ष लेव्हल घेऊन दोघांच्या ग्रिडशी जुळवा. तुमच्या हातातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय तोच.

काही गोष्टी अशा असतात की त्या मॉडेलमध्ये मुळात घातलेल्याच नसतात. लाटा फुटताना किनाऱ्याशी पाणी आणखी चढवतात. रुंद उथळ किनाऱ्यावर हा वाटा मर्यादित असतो, पण तळ झपाट्याने खोल जाणाऱ्या बेटांवर तोच मुख्य भाग होऊन बसतो. लाटांचं मॉडेल जोडलेलं नसेल तर तो आकडा सरळ गायब. 2013 मध्ये फिलिपिन्समध्ये हैयान वादळ आलं तेव्हा टॅक्लोबान शहरात पाणी 5 मीटरच्या वर चढलं, ते आखाताच्या निमुळत्या आकाराने आणि उथळ तळाने समजावता येतं. पण समार बेटाच्या उघड्या समुद्राकडच्या हेरनानी या गावात त्सुनामीसारखी पाण्याची भिंत आली, आणि तिथे तर एरवी लाटा अडवणारी प्रवाळ खडकांची कड होती. नंतरच्या अभ्यासात कारण निघालं की लाटांच्या गटांमुळे तयार होणारी लांब पल्ल्याची हालचाल त्या खडकावर वाढत गेली. सर्जची नेहमीची मॉडेलं लाटांची फक्त सरासरी ऊर्जा बघतात, त्यांना ही हालचाल दिसूच शकत नाही. अशा ठिकाणी शंभर रन करा किंवा हजार, उत्तरांचा पट्टा अरुंद येईल आणि खरं उत्तर त्याच्या बाहेर असेल. म्हणूनच तुमचा किनारा कसा आहे हे कळल्याशिवाय मी कोणताही पट्टा सांगणार नाही. चिखलाचा सपाट, खारफुटीचा, खाडीच्या आतला, की खडकाळ? नदी जवळ आहे का? तिचा पूर त्याच दिवशी आला तर सर्ज त्या पाण्याला बाहेर पडू देत नाही, आणि पंपघराच्या बाबतीत हे आणखीच महत्त्वाचं.

‘मॉडेल तपासून घेतलं आहे’ या वाक्याबद्दल. तपासणी एकाच वादळावर केली असेल तर तिला मी फार किंमत देत नाही. वारा कमी धरला आणि ड्रॅग जास्त, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि शिखर बरोबर जुळतं. पुढचं वादळ वेगळ्या आकाराचं आलं की झाकण उडतं. नुसतं शिखर न पाहता पाणी चढण्या-उतरण्याचा पूर्ण आलेख पाहावा. 2008 मध्ये आइक वादळ अमेरिकेत टेक्ससला धडकण्याच्या जवळपास एक दिवस आधीच पाणी 2 मीटरच्या आसपास चढू लागलं होतं, आणि त्या वेळी वारा किनाऱ्याला समांतर होता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणीही उजवीकडे, म्हणजे तिथे किनाऱ्याकडे, कलतं. ज्या मॉडेलचं क्षेत्र लहान असतं किंवा तळाचं घर्षण जास्त धरलेलं असतं, त्यात हा आगाऊ चढ उमटत नाही, शिखर मात्र ठीक दिसू शकतं. ज्यांना बाहेर पडण्यासाठी रस्ता लागतो त्यांच्यासाठी तो आगाऊ चढच निर्णायक असतो, कारण सखल रस्ते वादळाच्या खूप आधी बुडतात. तपासणीची मोजमापंही निर्दोष नसतात. भरतीमापक ऐन वेळी बंद पडतात. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा घराच्या आतल्या की बाहेरच्या हे विचारावं लागतं, कारण बाहेरच्या खुणेत लाटांची उसळी मिसळलेली असते. चांगला वारा दिला तर चांगलं मॉडेल खुणांच्या 30 ते 50 सेंटिमीटरच्या आत येतं. स्लॉश या अमेरिकी सर्ज मॉडेलबद्दल त्याचे चालक स्वतःच सांगतात की दिलेल्या वादळासाठी आकडा साधारण 20 टक्क्यांच्या आत असतो. ‘दिलेल्या वादळासाठी’ या दोन शब्दांवर सगळा भार आहे, कारण पुढचं वादळ कोणीही देत नाही.

आणि आता ‘100 वर्षांतून एकदा’. याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. पंपघराचं आयुष्य 50 वर्षं धरलं तर त्या काळात ही पातळी किमान एकदा ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे 40 टक्के निघते. बहुतेक मालकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. ही 1 टक्क्याची पातळी काढतात कशी? एका ठिकाणाजवळून गेलेली मोठी वादळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्यावर वक्र बसवून 100 वर्षांपर्यंत ताणायचा, किंवा त्या भागातल्या सगळ्या वादळांच्या गुणधर्मांवरून हजारो कृत्रिम वादळं तयार करून ती मॉडेलमधून चालवायची. पहिल्या पद्धतीत एक मोठं वादळ नोंदीत असणं-नसणं यावर आकडा मीटरभर हलतो. तुमच्या 2.4 आणि 3.6 मध्ये हे कारण असेल तर मला जराही आश्चर्य वाटणार नाही. त्यावर समुद्रपातळीची वाढ वेगळी. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालात 2100 पर्यंतची जागतिक वाढ, उत्सर्जन किती यावर अवलंबून, साधारण 0.28 ते 1.01 मीटर दिली आहे, आणि जमीन खचत असेल तर ते खचणं त्यात मिळवावं लागतं.

मग या सगळ्याची बेरीज करायची का? सरळ बेरीज केली तर आकडा उगाच फुगतो. ज्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. समजा वाऱ्यामुळे 0.6 मीटर, मार्गामुळे 0.5 आणि मॉडेलमुळे 0.3, एकत्रित चूक 1.4 येत नाही, 0.84 येते. पण शून्याची चूक, फुगलेली जमीन किंवा सरासरीच्या काळाची गफलत यांना हा नियम लावू नका. त्या सगळ्या रनमध्ये एकाच दिशेने लागतात आणि कितीही रन केले तरी विरघळत नाहीत. त्या शोधून दुरुस्तच कराव्या लागतात.

तुमच्या निर्णयापुरतं मी असं करेन. आधी दोघांकडून लेखी उत्तर घ्या: दिलेला आकडा तीन राशींपैकी कोणता, शून्य कुठला, वारा किती मिनिटांचा, ड्रॅगची मर्यादा काय, त्रिज्या काय, लाटा जोडल्या का, जमिनीची उंची कुठून घेतली, आणि 1 टक्का कसा काढला. याने फरकातला बराच भाग गळून पडेल. मग जो उरेल त्यासाठी थोडे ठरावीक रन मागा: मार्ग एक-एक त्रिज्या डावीकडे आणि उजवीकडे सरकवून, त्रिज्या 30 टक्के कमी-जास्त करून, ड्रॅगच्या दोन्ही मर्यादांवर, आणि शिखर उधाणाच्या भरतीवर बसवून. मॉडेल तयार असताना हे रन काही फार मोठं काम नाही, आणि जो सल्लागार ते करायला नकार देईल त्याच्या आकड्यावर मी जोतं ओतणार नाही.

चुकीची किंमतही दोन्ही बाजूंना सारखी नाही. जोतं अर्धा मीटर जास्त उंच झालं तर भराव आणि काँक्रीटचा खर्च वाढेल. अर्धा मीटर कमी पडलं तर ज्या रात्री पंप हवेत त्याच रात्री ते बंद असतील, आणि खारं पाणी शिरलेल्या मोटारी नंतरही कित्येक आठवडे चालणार नाहीत. म्हणून उत्तर मिळेपर्यंत 3.6 ही खालची मर्यादा समजा. शिवाय सगळं एकाच उंचीवर असायलाच हवं असं नाही. जोतं एका पातळीवर ठेवून स्विचगिअर, कंट्रोल पॅनेल आणि जनरेटर मीटर-दीड मीटर आणखी वरच्या मजल्यावर नेता येतात. हा खर्च संपूर्ण इमारत उचलण्यापेक्षा बराच कमी असतो आणि आकड्याच्या लांब शेपटीविरुद्ध तोच जास्त उपयोगी पडतो. जागेचा उभा छेद, भरती-ओहोटीतला फरक आणि दोन्ही अहवालांतली ड्रॅगची ओळ इथे टाकलीत तर 3.6 च्या वर किती जायचं याबद्दल नेमकं बोलता येईल.